डाव्या दाराखालची वीतभर पट्टी

कुठलीही जुनी गाडी कुठल्याही गॅरेजमध्ये न्या. मिस्त्री तिच्याभोवती एक चक्कर मारतो, बॉनेटवर थाप देतो आणि म्हणतो, “होऊन जाईल.” आमच्या भागात एकच मिस्त्री असे आहेत की जे चक्कर मारत नाहीत, थाप देत नाहीत आणि ज्यांच्या तोंडून “होऊन जाईल” हे शब्द अजून कोणी ऐकलेले नाहीत. ते गोणपाट अंथरून गाडीखाली शिरतात. पाव तासाने बाहेर येतात तेव्हा डाव्या हातात खडू असतो आणि गाडीवर जागोजागी गोल काढलेले असतात. जिथे गोल, तिथे आतून गंज. मग ते खडू खिशात ठेवतात आणि एकच शब्द बोलतात.

“नापास.”

म्हणून त्यांना सगळे नापासराव म्हणतात. तोंडावरसुद्धा म्हणतात. त्यांची हरकत नसते. ते स्वतः सातवीत तीन वेळा नापास झालेले आहेत. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सवयीने विचारलं, “गणितात का?” ते म्हणाले, “नाही. सगळ्यात.”

टायरच्या दुकानामागे एक बोळ आहे. तो जिथे संपतो तिथे त्यांची लांबट शेड आहे. अर्ध्या शेडमध्ये ते पत्रा कापतात आणि जोडतात, उरलेल्या अर्ध्या शेडमध्ये त्यांची बायको शिलाई मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. मधे भिंत नाही. वेल्डिंग सुरू करण्याआधी ते “डोळे” एवढंच म्हणतात आणि वहिनी मशीन न थांबवता डोळे मिटून घेतात. शिवण वाकडी जात नाही. मी पाहिलंय.

मागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग आहे. प्रत्येक खिळ्याला कुठल्यातरी गाडीतून कापून काढलेला सडका तुकडा टांगलेला. काही तुकडे जाळीदार झालेले, काही हात लावला तर बिस्किटासारखे मोडतील असे. नवीन गिऱ्हाईक आलं की नापासराव त्याला आधी त्या भिंतीसमोर उभं करतात आणि काही बोलत नाहीत. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जातात.

“येताना हसत येतात,” वहिनी म्हणतात, “आणि जाताना घरात आजारी माणूस असल्यासारखी जातात. डॉक्टर बरे. निदान गोळी तरी देतात.”

“गोळीने गंज जात नाही,” नापासराव म्हणतात. विनोद नाही, माहिती म्हणून.

मी त्यांच्याकडे गेले त्याला कारण आमची मुलगी. तिला दुसऱ्या गावात नोकरी लागली. गाडीने चार तास, त्यात एक घाट. तिने ठरवलं की माझ्या बाबांची जुनी गाडी घेऊन जायचं. बाबा गेल्यापासून चार वर्षं ती गाडी आमच्या इमारतीखाली ताडपत्री पांघरून उभी होती. दुधी रंगाची, गोल खांद्यांची, आता कुठे रस्त्यावर दिसत नाही अशी. वर्षातून दोनदा मुलगी बॅटरी लावून ती सुरू करायची, गाडी खोकायची, मुलगी टाळ्या वाजवायची.

घरचे म्हणतात मी फार काळजी करते. तसं नाही. मी फक्त पुढचा विचार करते, आणि पुढे जे दिसतं ते वाईट असतं. पण मुलगी तेवीस वर्षांची. तिला सरळ “नाही” म्हटलं तर तिने सरळ “हो” म्हटलं असतं. नवऱ्याला विचारलं तर तो “बघू” म्हणाला. तो लग्नापासून बघतोच आहे.

म्हणून मी चौकशी केली की गाड्यांच्या बाबतीत सर्वांत कडक माणूस कोण. तीन जणांनी एकच नाव सांगितलं. मुलीला म्हटलं, “तू म्हणतेस ना, जाऊ दे. फक्त एकदा त्या मिस्त्रींना दाखवू. ते पास म्हणाले तर घेऊन जा.” तिला वाटलं आई सुधारली.

शाळेत माझी ख्याती अशी की माझ्या हातून कोणी नापास होत नाही. पस्तीसला दोन कमी पडत असले की ते दोन कुठूनतरी सापडतातच. तीच मी आयुष्यात पहिल्यांदा, एका गाडीला नापास करून घ्यायला निघाले होते.

नापासरावांनी गोणपाट अंथरलं. छोट्या हातोडीने ते खालून ठोकत गेले. चांगल्या पत्र्यावर आवाज येतो ठण्ण. पुट्टी भरलेली असेल तर येतो थप्प. आमच्या गाडीखालून बराच वेळ नुसतं थप्प थप्प ऐकू येत होतं. माझ्या मनाला बरं वाटत होतं. मुलगी नखं खात होती.

चौदा गोल निघाले. मग त्यांनी मुलीला गाडीत बसवलं, चारही दारं लावून घेतली आणि पुढच्या चाकामागे जॅक लावून गाडीचा एक कोपरा हातभर उचलला.

“उघड दार,” ते म्हणाले.

मुलीने दार ढकललं. उघडेना. दुसरं ढकललं. तेही उघडेना.

“काका, अडकलंय.”

“माहीत आहे. खिडकीतून ये.”

आमची मुलगी, जिला एका मोठ्या कंपनीने मुलाखतीच्या तीन फेऱ्या घेऊन निवडलं होतं, खिडकीतून आधी डोकं, मग एक पाय, मग ओढणी, अशी हप्त्याहप्त्याने बाहेर आली.

त्यांनी मला समजावून सांगितलं. या गाडीला खाली वेगळा सांगाडा नाही. बॉडी हाच सांगाडा. आणि बॉडीला तोलून धरते ती दारांखालची पोकळ पेटी, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी, जिच्यावरून पाय टाकून आपण गाडीत चढतो. मिस्त्री तिला पट्टी म्हणतात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सडल्या की गाडी कोपऱ्यात उचलताच मधे वाकते आणि दारं चौकटीत आवळली जातात. चांगली गाडी कुठूनही उचला, दार तसंच उघडतं, तसंच लागतं, आवाजही तोच येतो. तीच त्यांची परीक्षा. दुसरी कुठली ते मानत नाहीत.

“म्हणजे नापास,” मी म्हटलं. आवाज शक्य तितका दुःखी ठेवला.

“नापास.”

“मग आता भंगारात द्यायची?”

नापासरावांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. “बाई, तुमच्या शाळेत नापास झालेल्या पोराला भंगारात देतात?”

“नाही, पण...”

“परत बसवतात ना?”

“काका, किती दिवस लागतील?” मुलगी म्हणाली. तिच्या ओढणीला ग्रीस लागलं होतं आणि चेहरा उजळला होता.

“दीड महिना.”

“मी रुजू व्हायला अजून दोन महिने आहेत!”

माझा बेत इथे संपला. वहिनी तोंडातला दोरा तोडत म्हणाल्या, “बाई, फसलात. हे गाडी नापास करतात, सोडत नाहीत.”

मग मी रोज शाळा सुटली की शेडवर जाऊ लागले. लक्ष ठेवायला, असं मी घरी सांगितलं. वहिनींनी विटांवर ठेवलेलं एक जुनं मागचं सीट मला बसायला दिलं आणि चहाचा एक कप माझा म्हणून वेगळा काढला. मी सीटवर बसून वह्या तपासायची आणि मधेमधे विचारायची, “हे सुटणार तर नाही ना?” नापासराव म्हणायचे, “नाही.” दहा मिनिटांनी मी परत विचारायची. तेही परत तेवढ्याच शांतपणे “नाही” म्हणायचे. माझा नवरा असा असता तर मी सुखी झाले असते.

दारं काढून झाल्यावर त्यांनी उघड्या चौकटींत लोखंडी नळ्या आडव्या-तिरक्या टाके मारून बसवल्या. गाडीला कुबड्या दिल्यासारख्या दिसत होत्या.

“ह्या कशाला?”

“पट्टी कापल्यावर गाडी धरायला कोण? शिकत होतो तेव्हा नळ्या न लावता कापली होती एक.”

“मग?”

“पुस्तकासारखी मिटली.”

“मग?”

“मग नळ्या लावायला लागलो.”

उजवी पट्टी आठ दिवसांत झाली. बाहेरचा पत्रा कापला, आतला कापला, जिथवर खरं लोखंड लागलं नाही तिथवर मागे गेले. “गंजाची हद्द दिसते तिथे नसते, चार बोटं पुढे असते,” ते म्हणाले. नवीन पत्रा त्यांनी हाताने वाकवला. त्याचे कोपरे गोल कापले. मी कारण विचारलंच. चौकोनी कोपऱ्यातून चीर जाते, गोलातून जात नाही. त्यांच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ही, आणि त्यांच्या मते एवढी एकच खरी.

डावी पट्टी उघडली तो दिवस मला वारासकट आठवतो, मंगळवार. ग्राइंडरने बाहेरचा पत्रा सोलल्यावर आतून आधी पुट्टी निघाली, मग वर्तमानपत्राचे बोळे. ओले, काळे, घट्ट दाबून भरलेले. एक बोळा पुट्टीत अडकून कोरडा राहिला होता. त्यावर शब्दकोड्याचा अर्धा चौकोन होता आणि खाली छापलं होतं, हवामान कोरडे राहील.

बोळ्यांच्या मागे भोक झाकायला बिस्किटाच्या डब्याचा पत्रा लावलेला होता. त्यावर अजून फुलांची वेल दिसत होती.

“अगं बाई!” वहिनी उठून बघायला आल्या. “कुठल्या गाढवाने केलंय हे?”

नापासरावांनी तो डब्याचा पत्रा पकडीने ओढून काढला, उजेडाकडे नेला आणि बराच वेळ पालथा-उलथा करून पाहिला. मग हातोडी डाव्या हातात घेतली आणि पत्र्यावरच्या जुन्या घावांवर, न मारता, नुसती टेकवून पाहिली. उजव्या हाताने मारलेले घाव एका बाजूला कललेले असतात. हे दुसऱ्या बाजूला कललेले होते.

पत्र्याचे चारही कोपरे गोल होते.

“बाई,” ते म्हणाले, “हे माझं काम आहे.”

वहिनी परत मशीनवर जाऊन बसल्या. मशीन सुरू केलं नाही.

मी बोळ्यावरची तारीख वाचली. मुलीच्या जन्माच्या आधीच्या महिन्यातली.

तेव्हा नापासराव दुसऱ्या गॅरेजमध्ये, उस्तादांच्या हाताखाली होते. गाडी सकाळी आली, संध्याकाळपर्यंत हवी होती. त्यांनी पट्टी कापून नवी करायला हवी म्हटलं. उस्ताद म्हणाले, मालकाला गाडी विकायचीय, नुसती चमकली पाहिजे. कागद भर, डबा लाव, पुट्टी ओढ. पाणी बाहेर जायची भोकंही बुजली, कारण पुट्टी ओढली की ती बुजतातच. त्यानंतर जे पाणी आत गेलं ते तेवीस वर्षं त्या कागदाने पिऊन धरलं.

“अशी किती केलीत?” मी विचारलं.

“बरीच. उस्ताद होते तोवर.”

“आणि मालक कोण ते आठवतं?”

“चेहरा नाही. पांढरी टोपी होती. म्हणाले होते, घेणाऱ्याला कळता कामा नये.”

उन्हात बाहेर पडताना पांढरी टोपी घालणारे आमचे बाबा. ते आयुष्यभर लोकांना सांगत की मी कधी कुणाला फसवलं नाही. त्यांनी त्या वर्षी गाडी विकायला काढली होती हे खरं. गिऱ्हाईकही ठरलं होतं. पण मुलगी झाली आणि ते दवाखान्यात येऊन म्हणाले, “नातीला काय भाड्याच्या गाडीतून घरी न्यायचं? नाही विकत, जा.” सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. तीन दिवसांची मुलगी मांडीवर घेऊन मी मागच्या सीटवर डावीकडे बसले आणि घरी आले. माझ्या खाली बिस्किटाचा डबा होता. त्यानंतर शाळा, दवाखाने, नातेवाईक, सगळीकडे आम्ही त्याच गाडीने गेलो. ज्या अनोळखी माणसाला बाबांनी फसवायचं ठरवलं होतं, तो माणूस म्हणजे आम्ही निघालो.

हे मी घरी सांगितलं. मला वाटलं, आता तरी मुलगी घाबरेल.

“म्हणजे आजोबा चीटर होते?” ती म्हणाली आणि खुर्चीतून पडेपर्यंत हसली. मग म्हणाली, “आई, डब्यावर तेवीस वर्षं चालली. आता तर खरा पत्रा लावतायत.”

नवरा म्हणाला, “बघू.”

दुसऱ्या दिवसापासून नापासरावांनी त्या डाव्या पट्टीवर जे काम केलं त्याला काम म्हणवत नाही. एकेक टाका घालून ते थांबत, निवू देत, ठोकून ऐकत आणि मग पुढचा घालत. एक जोड त्यांनी तीन वेळा काढला. आतून लाल रंग, त्यावर गंज धरू नये म्हणून मेण, पाण्याची भोकं मोकळी. त्या भोकांतून त्यांनी तार घालून दाखवली. मी मागितलं नव्हतं. वहिनींनी सांगितलं की रात्री जेवतानाही ते ताटातली पोळी चार बाजूंनी गोल तोडतात आणि बघत बसतात. अकरा दिवस गेले. उजव्या पट्टीला आठ लागले होते.

मुलीला रुजू व्हायला आठवडा उरला होता. त्या दिवशी ती कसलीशी कागदपत्रं आणायला गेली होती. शेडमध्ये आम्ही तिघंच. नळ्या काढलेल्या, दारं बसवलेली. नापासरावांनी जॅक आणला, लावला आणि हात पुसत बाजूला उभे राहिले.

“बाई, तुम्ही तपासा.”

“मी?”

“जुनंही माझं, नवंही माझं. आपला पेपर आपण तपासायचा नसतो. तुम्ही रोजच तपासता.”

मी आधी गाडी खाली असताना चारही दारं एकेकदा उघडून लावली. मग त्यांनी कोपरा हातभर उचलला. मी परत चारही लावली. डोळे मिटून ऐकलं. जाड पुस्तक मिटावं तसा घट्ट, कोरडा आवाज. चारही दारांचा. खाली तोच, वर तोच. डावीकडच्या मागच्या दाराचा तर मला सगळ्यांत चांगला वाटला.

मी डोळे उघडले नाहीत. चार तास, घाट, धुकं, समोरून येणारे ट्रक, फोनला रेंज नाही, हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. मी एक शब्द बोलले की हे सगळं खरं होणार होतं. दुसरा शब्द बोलले की गाडी इथेच राहणार होती. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी नापास व्हायला हवीत अशी कितीतरी मुलं पास केली होती. पास झालेल्याला नापास कधी केलं नव्हतं.

“डावीकडचं मागचं,” मी म्हटलं. “जरा वेगळं वाटतंय.”

“उचलल्यावर?”

“हो. उचलल्यावर.”

“बरं,” नापासराव म्हणाले.

मला वाटलं, आता ते खिशातून खडू काढतील, “नापास” म्हणतील आणि विषय संपेल. ते चष्मा लावत होते.

“काय करताय?”

“उघडतो. आतला एखादा टाका धरला नसेल.”

“अहो, आज राहू द्या. इतकं काही...”

“वेगळं म्हणालात ना?”

मी हो म्हटलं. ते खाली बसले आणि त्यांनी त्या पट्टीला ग्राइंडर लावला.

वहिनींचं मशीन थांबलं. मी वळून पाहिलं तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. वीस वर्षं त्याच शेडमध्ये बसून त्यांनीही दारं ऐकली होती. त्या रागावलेल्या नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. ठिणग्यांचा पट्टा माझ्या चपलांपर्यंत येत होता. अकरा दिवसांचं काम, तीन वेळा काढलेला जोड, मेण. नवीन पत्र्याचा वास येत होता, गंजाचा नाही.

“थांबा!” मी ओरडले. ग्राइंडरपुढे माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. मी परत ओरडले. मग भिंतीपाशी गेले आणि पिन काढली.

ग्राइंडर गुरगुरत बंद झाला.

“लाइट गेली का?” नापासरावांनी विचारलं.

“मी पिन काढली.”

त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला आणि ते माझ्याकडे वळले.

“सारखा होता आवाज,” मी म्हटलं. “चारही दारांचा. मी खोटं बोलले.”

“चारही?”

“चारही. खाली आणि वर.”

त्यांनी कापलेल्या जागेवर अंगठा आणि करंगळी ताणून माप घेतलं. “एक वीत,” ते म्हणाले. मग चष्मा कपाळावर सरकवला. “का?”

“ती चार तासांवर जाणार आहे. घाट आहे.”

त्यांनी यावर विचार केला. ते प्रत्येक गोष्टीवर विचार करतात, त्याला माझी ना नाही, पण तेव्हा तो फार लांबला.

“गाडी नसली तर जाणार नाही?”

“जाईल. बसने जाईल.”

“बसच्या खाली बघितलंय तुम्ही?”

“नाही.”

“मी बघितलंय,” नापासराव म्हणाले.

“झालं!” वहिनी म्हणाल्या. “आता बाई पोरीला बसमध्येही चढू देणार नाहीत. सव्वीस वर्षं शाळेत काढली आणि एक खोटं धड बोलता येत नाही. अहो, निदान उजवीकडचं तरी सांगायचं. तिकडच्या टाक्यावर ह्यांचं एवढं मन नव्हतं.”

मी म्हटलं, “माझ्यामुळे तुमचं काम गेलं.”

“ग्राइंडर माझ्या हातात होता,” ते म्हणाले. “मी स्वतः दार ऐकलं असतं तर कापलं नसतं. या पट्टीपुरता माझ्या कानावर भरवसा नव्हता, म्हणून तुम्हाला विचारलं.”

कापाच्या कडा तापून वाकड्या झाल्या होत्या. त्या तशाच जोडणं त्यांना पटलं नाही. त्यांनी सरळ वीतभर तुकडा कापून काढला आणि तेवढाच नवा कापला. कोपरे गोल. मी विचारलं, “मधे जोड आला म्हणून कमजोर तर होणार नाही?” ते म्हणाले, “नाही.” दहा मिनिटांनी मी परत विचारलं. त्यांनी पुन्हा “नाही” म्हटलं, आणि पहिल्यांदाच पुढे एक वाक्य जोडलं. “पण तुमची गाडी म्हटली की मला ही वीतच आठवेल.” मग म्हणाले, “डोळे.” वहिनींनी आणि मी, दोघींनी मिटले.

दोन दिवसांनी परत जॅक लागला. या वेळी मुलगी आत बसली. ती दार उघडून खाली उतरली, परत बसली, परत उतरली. तिला मजा वाटत होती. मी दारं लावली, खाली आणि वर, आठ वेळा.

“सारखं,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

नापासरावांनी ओल्या फडक्याने गाडीवरचे गोल एकेक करून पुसले. चौदावा पुसून झाल्यावर फडकं पिळून वाळत टाकलं आणि हात धुवायला गेले.

“काका, पास का मग?” मुलगी त्यांच्या पाठीमागून ओरडली.

“पुसलं म्हणजे झालं,” वहिनी म्हणाल्या. “लग्न ठरलं तेव्हासुद्धा एवढंच बोलले होते.”

मुलगी रविवारी सकाळी गेली. मी तिला दोन टॉर्च, मलमपट्टीची पेटी, दोरखंड, पाण्याच्या सहा बाटल्या आणि एक शिट्टी दिली. तिने शिट्टी तिथेच वाजवून दाखवली. दार लावताना आवाज नीट आला. पाच तासांनी फोन आला. चार तासांचा रस्ता, मधला एक तास ती चहाला थांबली होती. तो एक तास मी कसा काढला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता वर्षातून एकदा पट्टीत मेण घालायला मुलगी गाडी नापासरावांकडे आणते. मीही जाते, चहाचा माझा कप अजून आहे. भिंतीवरच्या रांगेत पहिल्या खिळ्याला आता फुलांच्या वेलीचा बिस्किटाचा पत्रा टांगलाय. गिऱ्हाइकाने विचारलं, हे कुणाचं काम, तर नापासराव म्हणतात, “माझं.” त्याच्या शेजारच्या खिळ्याला एक वीतभर तुकडा आहे. नवाकोरा, सरळ, गंजाचा ठिपका नसलेला. सगळ्या सडक्या तुकड्यांमध्ये तो लगेच नजरेत भरतो.

परवा मुलीनेही विचारलं, “काका, हा चांगला पत्रा का कापला?”

“आईला विचार,” नापासराव म्हणाले आणि गाडीखाली गेले.

तिने अजून विचारलेलं नाही. विचारलं तर सांगणार आहे.